नऊशे ऐंशीच्या वह्या

“सर, यातली कुठली वही नेऊ?”

सुजातानं माझ्या टेबलावर दोन वह्या ठेवल्या. एक फेअर जर्नल. तपकिरी कव्हर, शाईनं आखलेले तक्ते, प्रत्येक प्रयोगाखाली माझी सही. दुसरी रफ वही. कडांना ग्रीसचे डाग, आणि मधल्या एका पानावर माझ्याच लाल पेनाची आडवी काट. मे महिन्यातली दुपार होती. आमच्या कर्जतच्या कॉलेजला सुट्टी होती, लॅबमधली वीज गेली होती आणि मी डेडस्टॉक रजिस्टर घेऊन घामानं निथळत भिंगं मोजत होतो. डेडस्टॉक म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंची यादी. दर सुट्टीत ती वस्तूंशी ताडून पाहायची आणि खाली सही ठोकायची.

“हा काय प्रश्न झाला? सही केलेली ने. फेअर.”

“पण सर, ती खोटी हाय ना.”

वर्गात ही पोरगी पुस्तकी मराठी बोलायची. आतलं काही बाहेर आलं की तिच्या गावची, चौकची, भाषा यायची. पण तेव्हा माझं लक्ष भाषेकडे नव्हतं.

“खोटी? माझी सही आहे तिच्यावर!”

“म्हणून तर तुमाला विचारते, सर.”

मी भडकलो. पोरं मागे मला ‘फ्यूज’ म्हणायची हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर नाव चपखल होतं. “अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” वगैरे बरंच बोललो. ती मान खाली घालून उभी राहिली. माझं संपल्यावर तिनं दप्तरातून एक टाइप केलेलं पत्र काढलं आणि वह्यांवर ठेवलं.

मुंबईच्या एका मोठ्या विज्ञान संस्थेचं पत्र होतं ते. नाव घेत नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स, एम.एस्सी. होऊनच बाहेर. सगळ्या राज्यातून पोरं लेखी परीक्षेला बसायची आणि निवडली जायची अगदी मोजकी. कर्जत-खालापूरकडून कुणी त्या परीक्षेला बसल्याचंही मी ऐकलं नव्हतं. सुजाता बसली होती आणि पास झाली होती. आता मुलाखत. पत्रात शेवटून दुसरी ओळ होती, ‘शिक्षकांनी प्रमाणित केलेली प्रात्यक्षिकाची वही सोबत आणावी.’

“वहीवरनंच विचारतात म्हणे,” सुजाता म्हणाली. “फेअर नेली आणि त्यांनी विचारलं, हे कसं मोजलंस, तर मी काय सांगू? मोजलंच नाय मी ते.”

आता ही फेअर-रफची भानगड काय, ते सांगायला हवं. त्यात माझीच लाज आहे, पण इतक्या वर्षांनी लपवून करायचं काय?

फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये एक लंबकाचा प्रयोग असतो. दोऱ्याला पितळी गोळा बांधायचा, त्याला हलका झोका द्यायचा, वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉचवर बघायचं. दोऱ्याची लांबी मीटरपट्टीनं मोजायची. हे आकडे एका सूत्रात घातले की पृथ्वी वस्तूला किती जोरानं खाली ओढते, ते मिळतं. त्याला म्हणतात ‘जी’. पुस्तकात त्याची किंमत, सेंटिमीटरच्या हिशेबात, नऊशे ऐंशी दिलेली असते. पोरांनी मोजावं आणि नऊशे ऐंशीच्या आसपास पोचावं, अशी अपेक्षा.

आमच्याकडे काय व्हायचं? पोरं आधी नऊशे ऐंशी लिहायची आणि तिथून उलटं गणित करत झोक्यांच्या वेळेपर्यंत यायची. झोका देण्याची गरजच नाही! वरच्या वर्गाची पोरं खालच्यांना हे शिकवायची. आमचे लॅब असिस्टंट ठोंबरेमामा तर या विद्येचे पीठाधीशच. त्यांच्या कपाटात पेपरात गुंडाळलेली एक ‘आदर्श’ वही असायची. उत्तर अगदी गोल येऊ द्यायचं नाही, नऊशे ऐंशी पॉइंट दोन ठेवायचं, म्हणजे खरं वाटतं, ही मामांचीच शिकवण. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बाहेरचा परीक्षक आला की मामा टेबलांमधून पाण्याचा जग घेऊन फिरायचे आणि पुटपुटायचे, “ऐंशीच्या आसपास ठेव रं.”

मला माहीत नव्हतं का? होतं. सगळ्या लॅबमध्ये हेच चालतं, अशी मी माझी समजूत घातली होती. अकरावी-बारावी सुरू होऊन सहा वर्षं झालेली, एका बॅचला साठ पोरं, स्टॉपवॉच तीन, त्यातलं एक बंद. सही करून मोकळा होत होतो.

सुजातानं मात्र मोजलं. तेही सगळे वीस झोके मोजतात तर हिनं शंभर. सुट्टीच्या तासाला येऊन बसायची. पाच वेगवेगळ्या लांबीचे दोरे घेतले. लांब दोऱ्याला जी आला नऊशे त्र्याण्णव, अर्ध्या मीटरच्या दोऱ्याला हजार नऊ, आखूड दोऱ्याला हजार तीस. रफ वही माझ्यासमोर आली. मी हजार तीस वाचलं, काट मारली आणि लिहिलं, ‘रीडिंग चुकली आहेत. फेअर करताना दुरुस्त कर.’ माझ्या मनात आलं, दोऱ्याच्या लांबीत गोळ्याची त्रिज्या धरायला विसरली असेल. दहा सेकंदांत निकाल! मी सांगितलं तसं तिनं केलं. फेअरमध्ये नऊशे ऐंशी पॉइंट दोन आलं आणि माझी सही मिळाली.

त्या मे महिन्याच्या दुपारी मी ते काट मारलेलं पान पहिल्यांदा नीट वाचलं. त्रिज्या तिनं धरली होती. आणि विसरली असती तर चूक उलट्या बाजूला गेली असती, जी कमी आला असता. हे मला, एम.एस्सी.ला, सुचलं नव्हतं. पानामागे एक आलेख होता. दोरा जसा वाढेल तसा झोक्याच्या वेळेचा वर्ग कसा वाढतो, ते दाखवणारी सरळ रेष. ही रेष शून्यातून निघायला हवी, कारण दोराच नसेल तर झोकाही नाही. सुजाताची रेष शून्यापासून दीड सेंटिमीटर सरकून निघत होती. खाली तिनं पेन्सिलीनं, तोडक्यामोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं. अर्थ असा की दोरा आपण वाचतो त्यापेक्षा दीड सेंटिमीटर आखूड असावा, पट्टी तपासावी.

“पट्टी तपासलीस?”

“तुमी काट मारली, मंग नाय तपासली.”

मी तिची कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी घेतली आणि लॅबच्या मीटरपट्टीला लावली. आमची पट्टी सागवानी, दोन्ही टोकांना पितळेची टोपणं. टोपणापासून दहाच्या आकड्यापर्यंत दहा सेंटिमीटर भरायला हवेत. भरले साडेआठ.

ठोंबरेमामा कॉलेजच्या आवारातच राहायचे. त्यांना हाक मारली. ते बनियनवरच आले.

“ती पट्टी व्हय? तिचं टोक कुजलं हुतं सर. पावसात खिडकीला टेकू द्यायला लावायचो ना मी. फुगलं, चिरफाळलं. मंग करवतीनं जरासं घेतलं आन् टोपण परत ठोकलं. झाली तीन-चार वरसं. कसं बसलंय बघा, कळतंय तरी का?”

“मामा, तुम्ही मीटर कापलात!”

“बोटभरच वो. आन् इतक्या वरसांत कुनाचं काय आडलं? समद्यांचं नऊशे ऐंशीच येतंय की.”

तीन-चार वर्षं शेकडो पोरांनी त्या कापलेल्या पट्टीनं मोजल्याचं लिहिलं होतं, आणि एकाचंही उत्तर चुकलं नव्हतं. सुजाता तोंडावर हात ठेवून हसू दाबत होती. मग मीही हसलो. हसता हसता मला फार वाईट वाटलं, तेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलसाहेबांकडे गेलो. माणूस सज्जन. कधी कुणाला वाकडा शब्द बोलले नाहीत. पण जावक क्रमांकाशिवाय त्यांना श्वास घ्यायलाही अवघड जायचं.

“मी तिची रफ वही सर्टिफाय करणार,” मी म्हणालो. “तिच्यावर कॉलेजचा शिक्का हवा.”

त्यांनी वही उघडली, काट पाहिली, मिटली. “अहो, या एका वहीत पट्टी चुकीची असं लिहून दिलंत, की बाकीच्या वह्यांचं काय? त्याच पट्टीनं त्यांचं बरोबर कसं आलं?”

“त्या खोट्या आहेत.”

“हळू बोला! शिपाई बाहेर बसलाय.” मग ते पुढे वाकले. “हे पाहा, तिचं चांगलंच व्हावं. पण फेअर वही स्वच्छ आहे, सही आहे. ही काटाकाट बघून तिथल्या कुणी म्हटलं, या कॉलेजची सहीच भरवशाची नाही, तर पोरीचं नुकसान होईल. तुमच्या प्रामाणिकपणाची किंमत तिनं का मोजायची?”

हा मुद्दा बिनतोड होता. रात्रभर मीही तोच घोकत होतो. मी मान डोलावली तसा साहेबांना जोर आला. “आणि मला सांगा, प्लॅस्टिकची पट्टी बरोबर आणि कॉलेजची चूक, हे ठरवलं कुणी? दोघींचं भांडण आहे. तिसरा कुणीतरी नको का? सरकारी कागद आणा, मग बघू.”

हे त्यांनी मला कटवायला म्हटलं होतं. मी शब्दशः घेतलं.

त्या आठवड्यात खालापूरला वजनमापं पासिंगचा कॅम्प होता. तालुक्यातले दुकानदार आपापली वजनं, तराजू, कापडाचे मीटर घेऊन यायचे. इन्स्पेक्टर तपासून त्यांवर छाप मारायचा. तिकडे जायचं ठरवलं. सुजाताला म्हटलं, तूही चल, शोध तुझा आहे.

एस.टी.नं चौकला उतरलो. हायवेवर तिच्या वडिलांचं काम चालायचं त्या गॅरेजात गेलो. यशवंत गायकवाड. ट्रकची इंजिनं खोलण्यात त्यांचा हात धरणारा घाटाखाली कुणी नव्हता. मला बघून ते टेंपोखालून बाहेर आले, हात पुसत. घरचे पहिले बौद्ध त्यांचे वडील. यशवंतराव स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. पोरीची रफ वही ग्रीसनं का माखलेली असायची, ते तिथे कळलं. गॅरेजच्या बाकड्यावरच तिचा अभ्यास व्हायचा.

मी त्यांना दोन वह्यांचं सगळं सांगितलं. प्रिन्सिपॉलसाहेबांचा मुद्दाही सांगितला. लपवला नाही. “सवलतीच्या जागेत तरी बसेल ती,” असंही मी धीर द्यायला म्हणालो.

“नाय सर. ती संस्था दिल्लीच्या यादीवर चालती. आमी बौद्ध झालो, त्या यादीत आमचं नाव नाय. राज्यात सवलत हाय, तिथं नाय. पोरीला उघड्यावरच पळायचंय.” त्यांचं खरं होतं; केंद्राच्या यादीत बौद्ध आले ते पुढे नव्वद साली. त्यांनी चिंधी खिशात कोंबली. “नाय झालं तर खोपोलीच्या मिलच्या ऑफिसात टायपिंगला जागा हाय. तिच्या मामानं बोलून ठेवलंय. जुलैच्या एक तारखेपास्नं ये म्हनत्यात.”

सुजाता रस्त्याकडे बघत होती.

“मग वही कुठली न्यायची? तुम्ही सांगा,” मी म्हणालो.

“मला काय कळतंय त्यातलं? येवढं सांगतो. तिला खोटं बोलायला लावू नका. बोलंल ती तुमच्या शब्दाखातर. पन तिला जमायचं नाय. लगेच धरली जाईल.” मग एकदम हसले. “बसा टेंपोत. ट्रायल घ्यायचीच हाय, खालापूरला सोडतो.”

अशी आमची वरात निघाली. पुढे यशवंतराव, मध्ये सुजाता, कडेला मी, आणि माझ्या दोन गुडघ्यांमध्ये उभी ती मीटरपट्टी. डावीकडे माथेरानचे डोंगर उन्हात फिकट पडलेले. टेंपोनं दोनदा आचके दिले, यशवंतरावांनी नुसत्या कानानं दोष ओळखून तो मला समजावून सांगितला, आणि मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. आजही तो रस्ता लागला की ते पंधरा मिनिटांचं ऊन आणि डिझेलचा वास आठवतो. किती बरं वाटलं होतं, काय सांगू.

खालापूरला मांडवाखाली रांग होती. किराणावाले, कापडवाले, एक रॉकेलवाला. मी पट्टी घेऊन उभा राहिलो तसा कर्जतचा एक ओळखीचा कापडवाला मागे वळला.

“काय वो मास्तर, कापडाचं दुकान टाकलं का काय?”

“कॉलेजची आहे. तपासून घ्यायचीय.”

“घ्या घ्या! आमी एक इंच कमी दिलं का तुमी भर बाजारात आमची इज्जत काढता.”

इन्स्पेक्टर शांत माणूस होता. आधी म्हणाला, हे आमच्या कामात बसत नाही, ही काय व्यापारातली पट्टी नव्हे. मी त्याला सुजाताचा आलेख दाखवला. त्यानं तो बराच वेळ पाहिला. मग पेटी उघडली. आत निळ्या मखमलीवर पितळेचा प्रमाण मीटर झोपवलेला होता. त्याशेजारी आमची सागवानी पट्टी ठेवली, भिंग लावलं.

“टोकापासून शंभरच्या रेघेपर्यंत अठ्ठ्याण्णव पॉइंट पाच,” तो म्हणाला. “दुकानात सापडली असती तर जप्त केली असती. वर खटला.”

मांडवात हशा पिकला. कापडवाला तर खुर्चीवरून पडायचा बाकी होता. “मास्तरच निघालं मापात पाप करनारं!” पुढे कित्येक महिने त्याच्या दुकानासमोरून जायची मला चोरी झाली.

सुजाता हसली नाही. ती त्या पितळी मीटरकडे टक लावून बघत होती. “साहेब, तुमचा मीटर बरोबर हाय, हे कशावरनं?”

इन्स्पेक्टरनं चष्म्यावरून पाहिलं. “वरच्या ऑफिसात नेऊन ताडून बघतो.”

“आणि त्यांचा?”

“त्यांचा त्यांच्या वरच्यांकडे. शेवटी दिल्लीला.”

“आणि दिल्लीचा?”

“बाई, माझ्यामागे अजून वीस दुकानदार आहेत,” तो म्हणाला, पण चेहरा खुलला होता. त्यानं कागदावर लिहून दिलं. ‘पट्टी तपासली. दीड सेंटिमीटर कमी.’ सही, हुद्दा, गोल शिक्का.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी तो कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. मग उजेडात धरला. मी रफ वहीत लाल काटेखाली माझं लिहून ठेवलं होतं, ‘ही काट मी मारली. पट्टी न तपासता मारली. पट्टी दीड सेंटिमीटर आखूड असल्याचं विद्यार्थिनीनं स्वतः शोधलं. तिची वाचनं बरोबर आहेत.’ खाली सही. त्यांनी ते दोनदा वाचलं.

“हे वाचून तुमच्यावर काय येईल, कल्पना आहे?”

“आहे.”

“माझ्यावरही येईल.” त्यांनी ड्रॉवर उघडून शिक्का काढला, दोनदा फुंकर मारली आणि माझ्या सहीशेजारी दाबला. “कागद वहीला टाचा. आणि जावक नंबर टाका, विसराल.”

एवढं बोलून ते फाइलमध्ये डोकं घालून बसले. मी त्यांना आयुष्यभर भित्रा समजत आलो होतो. त्या दिवशी मनातल्या मनात माफी मागितली.

मुलाखतीला मी सोबत गेलो. लांबलचक कॉरिडॉर, बाकावर पोरं, त्यांच्याजवळ चामडी फायली, बरोबरचे आईवडील इंग्रजीत बोलणारे. सुजाताच्या मांडीवर ग्रीसचे डाग पडलेली वही. तिला विचारलं, “भीती वाटतेय का गं?” ती म्हणाली, “तुमच्या कपाळावर घाम आलाय, सर.”

बाकीची पोरं दहा-बारा मिनिटांत बाहेर येत होती. सुजाता आत गेली ती चाळीस मिनिटं झाली तरी येईना. माझं बसणं-उठणं सुरू झालं. काट दिसली असणार. आता म्हणत असतील, ही कसली वही, हे कसलं कॉलेज. टायपिंगची ती जागा, एक तारीख, सगळं डोळ्यांपुढे नाचायला लागलं. स्वतःला इतक्या शिव्या मी उभ्या जन्मात दिल्या नव्हत्या.

दार उघडलं. आधी सुजाता आली. तिच्यामागे साध्या चपलांतले, पांढऱ्या केसांचे एक प्रोफेसर. हातात आमची वही.

“यावर सही करणारे कोण?”

“मी.” मी उभा राहिलो.

“ती पट्टी आणलीय?”

“नाही, सर.”

“आणायची होती! बघितली असती.” त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. “अहो, आमच्याकडे दर वर्षी या वह्यांचा ढीग येतो. सगळ्यांचा जी नऊशे ऐंशी. नागपूरला तेच, रत्नागिरीला तेच, डोंगरावर तेच. पृथ्वी इतकी आज्ञाधारक नाहीये हो. चुकलेलं उत्तर असलेली वही मी आज पहिल्यांदा पाहिली.” वही सुजाताच्या हातात दिली आणि ते आत गेले. तिला घेतलं की नाही, त्याबद्दल एक शब्द नाही.

कॅन्टीनमध्ये चहा घेताना मी विचारलं, “काय काय विचारलं एवढा वेळ?”

“सगळं त्याच पानावरचं. शंभर झोके का घेतले. त्रिज्या धरली का. पट्टी नसती सापडली तर काय केलं असतं.” तिनं बशीतला चहा संपवला. “आणि शेवटी विचारलं, सरांनी काट मारली तेव्हा तुला काय वाटलं.”

“मग? काय सांगितलंस?”

“सांगितलं, सरांनी मोजलं नव्हतं.”

एवढंच. रागानं नाही, तक्रार म्हणूनही नाही. आलेखाखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, त्याच आवाजात. मी हो म्हणालो आणि दुसरा चहा मागवला, कारण मला थोडा वेळ तिच्याकडे बघायचं नव्हतं.

पत्र आलं कॉलेजच्या पत्त्यावर, बारावीच्या निकालानंतर चार दिवसांनी. शिपायानं आणून दिलं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी फोडलं, वाचलं, आणि पहिल्यांदाच आवक नंबर न टाकता पत्र हातात घेऊन लॅबपर्यंत चालत आले. सुजाताची निवड झाली होती. मी तसाच एस.टी.त बसून चौकला गेलो. यशवंतराव एका ट्रकच्या बॉनेटमध्ये अर्धे बुडालेले होते. ऐकल्यावर बाहेर आले, पाना हातात तसाच धरून बाकड्यावर बसले. मग विचारलं, “मंग त्या मिलवाल्यांना नाय म्हनून कळवू ना, सर?” आणि रडायला लागले. मीही.

आता निवृत्तीलाही बरीच वर्षं झाली. या प्रकरणाचा हिशेब असा की पुढच्या वर्षापासून मी नवी पट्टी घेतली आणि जो जी येईल तोच वहीत लिहायला लावला. नऊशे साठ, हजार वीस, काय वाटेल ते यायचं. मामा नाराज झाले, “कालेजची आब्रू चालली,” म्हणाले. बाहेरचे परीक्षक आले ते इतर कॉलेजांत नऊशे ऐंशी बघून आलेले. आमच्या पोरांचे प्रॅक्टिकलचे मार्क दोन-तीन वर्षं सरळ खाली आले, पालक भांडायला आले, आणि प्रत्येक वेळी माझा फ्यूज उडाला. खरं मोजायचं तर मार्क जातात, हा धडा मी कुणाला आनंदानं सांगत नाही. पण आहे तो तसा आहे.

मला झोप लागू देत नाही ते वेगळंच. मामांनी पट्टी कापली ती सुजाताच्या आधी तीन-चार वर्षं. त्या बॅचेसच्या रफ वह्याही माझ्याकडे यायच्या. त्यांतही मी हजाराच्या वरचे आकडे पाहिले होते, आणि प्रत्येक वेळी काट मारली होती. त्यातलं कुणी खरंच मोजलं होतं, कुणाच्या पानामागे आलेख होता, हे मी उलटून पाहिलं नाही. ती पोरं काही न बोलता नऊशे ऐंशी लिहून निघून गेली. त्यांची नावं मला आठवत नाहीत.